अवसरीच्या माळावरचा गूळ

आरती पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे, एवढंच मढ गावातल्या लोकांना माहीत होतं. तिची आई सरुबाई विचारणाऱ्याला तेवढंच सांगायची आणि विषय कांद्याच्या रोपांवर न्यायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी दारातल्या टेबलामागे बसून पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देत असेल. सरुबाईलाही तसंच वाटत होतं. मग आरतीचा एक व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाईलवर आला. काळा सदरा, घट्ट बांधलेले केस, मागे बाटल्यांची भिंत, आणि एक चकचकीत भांडं ती खांद्याशी धरून जोरात हलवतेय. एका साखरपुड्यात चार बायकांनी तो पाहिला आणि त्यातली एक म्हणाली की सरुबाईची लेक लोकांना दारू पाजती.

सरुबाईने तिथे ते ऐकलं. जेवली, वरमाईला भेटली, घरी आली. दोन-चार दिवस तिने मनाशी घोळवलं आणि मग आरतीला फोन केला. आरतीला वाटलं, आता आई रडेल किंवा नोकरी सोड म्हणेल. आईने तसलं काही केलं नाही.

"तू तिथं काय करतीस ते मला माझ्या घरात करून दाखव," सरुबाई म्हणाली. "माझी पोर काय काम करती हे मी लोकांच्या मोबाईलात बघायचं, हे मला पटत न्हाई."

म्हणून तुळशीचं लग्न झाल्यावर आरती रजा काढून मढला आली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. एक जिनची, दुसरी मेझकाल नावाच्या परदेशी दारूची. दुसरी तिने स्वतःसाठी जपून ठेवली होती. हॉटेलात मेक्सिकोहून आलेल्या एका पाहुण्या बाईने जाताना ती तिला भेट दिली होती, आणि तिने ती आजवर दोन-तीन वेळाच उघडली होती. आईला दाखवायचं तर आपल्याला सगळ्यात चांगलं जे येतं तेच दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं. तिचा भाऊ भिमाजी आणि वहिनी वृषाली एका लग्नासाठी मंचरला मुक्कामी गेले होते, त्यामुळे घरात मायलेकी दोघीच होत्या.

संध्याकाळी गुरांना वैरण टाकून झाल्यावर सरुबाई हातपाय धुऊन आली आणि स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसली, जणू काही पूजा मांडायची होती. आरतीने ओट्यावर जे मिळेल ते मांडलं. हॉटेलातलं भांडं नव्हतं, म्हणून फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण, गाळायला चहाची गाळणी. बर्फ वहिनीच्या फ्रिजमधला. लिंबं परसातली. साखरेच्या पाकाऐवजी तिने गूळ पाण्यात विरघळवून तो गाळून घेतला.

सरुबाईने आधी जिनची बाटली हुंगली आणि हे तर औषध आहे म्हणाली. आरतीने सांगितलं की एका झुडपाची वाळलेली फळं त्यात घालतात, त्याचा हा वास. मग सरुबाईने दुसरी बाटली नाकाशी नेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ तिने ती खाली ठेवली नाही.

"हिला धूर दिलाय," ती म्हणाली.

आरती सांगणार होती तो धूर कशाचा ते, पण तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. डिंभ्याचा मच्छिंद्रमामा आला होता. सरुबाईचा हा थोरला भाऊ. सत्तरीला टेकलेला, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर घोंगडी. तिकडच्या गाड्यांचा काही भरवसा नसतो. सकाळी निघालेला माणूस जुन्नरला आणि ओतूरला थांबत थांबत आता पोचला होता. येणार म्हणून त्याने कळवलंही नव्हतं. बहिणीला भेटून बरेच महिने झाले म्हणून आलो, एवढंच त्याचं कारण.

आरतीचा हात पहिल्यांदा टॉवेलाकडे गेला. मामा माळकरी. तरुणपणीसुद्धा त्याने कधी थेंब घेतला नव्हता. पण सरुबाईने तिचा हात धरला आणि भावाला सरळ सांगितलं की पोरगी हॉटेलात दारूची पेयं बनवते, तिचं काम कसं असतं ते मी बघतेय, तुला चालत नसेल तर ओसरीवर बस, मी चहा आणते.

मामा काही वेळ दारात उभा राहिला. मग तो उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला टेकून बसला. घरात बसून बघायला माळ आडवी येत नाही, असं काहीसं तो पुटपुटला. चहा मात्र त्याने मागितला.

सरुबाईने चहा करून त्याच्या हातात दिला. आरतीने पुन्हा सुरुवात केली. मघाशी आईसमोर तिचा हात मोकळा होता, आता जरा बिचकत होता. दोन झाकणं जिन, एक झाकण मेझकाल, लिंबाचा रस, गुळाचं पाणी, बर्फ. डब्याचं झाकण घट्ट लावून तिने तो खांद्याशी धरला आणि हलवायला लागली. डब्याला बाहेरून दव धरलं. सरुबाई तिच्या हातांकडे पाहत होती. व्हिडिओत जे ओंगळ वाटलं होतं ते समोर बघताना ताक घुसळण्यासारखं वाटतंय, असं ती नंतर म्हणाली. आरतीने गाळणीतून दोन ग्लास भरले, चुलीतला निखारा चिमट्याने उचलून लिंबाच्या सालीला लावला, साल चरचरली तशी ती ग्लासावर पिळली आणि आत सोडली.

"हे बनतं कशाचं?" मामाने विचारलं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं की नुसतं गप्प राहवत नव्हतं, ते कळलं नाही.

आरतीला असले प्रश्न रोज विचारले जातात, त्यामुळे ती सवयीने सांगत गेली. ही धुराच्या वासाची दारू मेक्सिको देशातली. तिथे बांधावर आपल्याकडे असते ना घायपात, काटेरी पात्यांची, तिच्याच जातीची झाडं लावतात. झाड मोठं झालं की पाती छाटून टाकतात आणि मधला गड्डा काढतात, अननसासारखा दिसतो तो. मग जमिनीत मोठा खड्डा खणून त्यात लाकडं पेटवायची, वर दगड रचायचे. दगड लाल झाले की त्यावर गड्डे ठेवायचे आणि वरून माती लोटून खड्डा बंद करून टाकायचा. आत ते भाजत राहतात. बाहेर काढले की गूळ झालेला असतो त्यांचा, धुराचा वास मुरलेला. पुढे ते ठेचून आंबवतात आणि त्याची दारू काढतात.

मामाच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने खाली ठेवला.

आरतीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आईकडे बघत होती, कारण सरुबाईने पदराआडून एक घोट घेतला होता. आयुष्यातला पहिलाच. तिने तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, आणि आरतीला वाटलं की आता थुंकणार. पण सरुबाई डोळे मिटूनच राहिली. मग तिने दुसरा घोट घेतला, अगदी लहान, आणि तो जिभेवर धरून ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "अप्पानं आणला व्हता त्यो गूळ. त्योच हाय ह्यो. आधी कडू लागतंय, आंबट लागतंय, आन् मग मागनं त्यो धुराचा गूळ येतोय."

त्या गुळाची गोष्ट आरतीने लहानपणापासून ऐकलेली होती. बाहत्तरच्या दुष्काळात सरुबाई सात-आठ वर्षांची होती. तिचे वडील राघू, म्हणजे अप्पा, बायकापोरांसह मेंढरं घेऊन अवसरीच्या माळावर अडकले होते. तळ उघड्यावर, चारा नाही, पाणी नाही. आई सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची. एका सकाळी अप्पांनी फडक्यातून काहीतरी आणलं, काळपट, कोमट, ओलसर, आणि तुझ्यासाठी गूळ आणलाय म्हणून तिच्या तोंडात घातलं. त्याला धुराचा वास होता. त्यात दोरे होते, ते चावून चोखायचे आणि थुंकायचे. गूळ गोणपाटात बांधला असेल, त्याचे दोरे लागले असतील, असं तिला वाटलं. इतकं गोड तिने त्याआधी कधी खाल्लं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. लग्न झाल्यावर तिने नवऱ्याला कुठल्या कुठल्या गुऱ्हाळांवरून गूळ आणायला लावला होता. काळा, पिवळा, भट्टीवर जरा करपलेला. प्रत्येक ढेप तिने फोडून हुंगली होती. आरतीचे वडील थट्टेने म्हणायचे की माझ्या बायकोला सोनं नको, गूळ हवा. ते गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

मामाने घोंगडी मांडीवर ओढून घेतली.

"सरू," तो म्हणाला, "त्यो गूळ न्हवता. घायपात व्हती ती."

सरुबाईने डोळे उघडले.

मामा हळूहळू सांगत गेला. तो तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. मेंढरं रोज एक-दोन पडत होती. जवळची बाजरी संपली होती, आणि सडकेच्या कामावर मिळणारी सुकडी, पिठाचा तो कोरडा खाऊ, आई अर्धी फडक्यात बांधून आणायची, ती सगळ्यांना पुरायची नाही. माळाच्या कडेला एका जुन्या बांधावर घायपातीची रांग होती. एवढ्या दुष्काळातही ती हिरवी होती. अप्पा डोंगरात मेंढरं चारताना कंद खड्ड्यात भाजून खायचे, ती रीत त्यांना माहीत होती. त्यांनी विचार केला की हिचाही गड्डाच आहे, बघू भाजून. कच्ची खाल्ली तर घसा धरतो, हातालाही खाज येते, हे दोर वळणाऱ्यांकडून त्यांनी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी एक दिवस आणि एक रात्र ती मातीखाली दाबून ठेवली. खड्डा मामानेच खणला होता. सकाळी माती बाजूला केली तेव्हा जो वास आला, तो मघाशी ह्या बाटलीतून आला आणि मी दारातच ओळखला, असं मामा म्हणाला. आरती खड्ड्याचं सांगायला लागली तेव्हा त्याला वाटलं, ही पोर अप्पाच्या शेजारी बसून बघून आल्यासारखं बोलतेय.

"आधी अप्पानं स्वतः खाल्लं. बराच येळ थांबला, काय व्हतंय का बघत. मग मला दिलं. मग तुला."

"मग मला गूळ का म्हनला?"

"तूच म्हनलीस. तोंडात घातल्याबरूबर तू म्हनलीस, अप्पा, गूळ हाय. त्यो माझ्याकडं बघून हसला. मला बाजूला घेऊन म्हनला, पोरीला गूळ वाटतोय तर वाटू दे. आन् कुणाला सांगू नको. राघूची पोरं बांधावरची घायपात खात्यात, हे त्याला लोकांच्या तोंडी नको व्हतं. शंभर मेंढरांचा धनी व्हता त्यो."

नंतर अप्पा गेले आणि मामाला वाटलं, आता सांगून काय मिळवायचं. बहीण दर वेळी त्या गुळाचं कौतुक करायची, अप्पांनी कुठून कुठून मिळवून आणला म्हणायची, आणि त्याला वाटायचं की ते तिच्याकडे आहे तसंच राहू द्यावं.

सरुबाई उठली. तिने ग्लास ओट्यावर ठेवला आणि ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. आरती उठायला लागली तसं मामाने तिला हाताने थांबवलं. थोड्या वेळाने सरुबाईच परत आली. तिचे डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा होता. अप्पा आजारी होते तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, ती सांगायला लागली. तो गूळ कुठला होता ते सांगा, मला एकदा परत खायचाय, असं मी म्हटलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या अप्पा नुसते हसले होते आणि लांबचा होता म्हणाले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, की त्यांना आठवत नसणार.

त्या रात्री जेवताना भावा-बहिणीत अप्पांखेरीज दुसरा विषय नव्हता. आरतीने दुसरा ग्लास स्वतः संपवला. आईचा उरलेला तिने विचारून मग ओतून दिला. मामाने त्याआधी तो ग्लास हातात घेऊन एकदा खोलवर हुंगला, माळेला हात लावला, आणि परत दिला.

सकाळी सरुबाई कोयता घेऊनच उठली. आपल्या वरच्या बांधावर घायपात आहे, एक काढू, असं ती म्हणाली. मामाने आधी नाही म्हणून पाहिलं. त्या वेळची गोष्ट वेगळी होती, आता कशाला उकरायचं, असं त्याचं म्हणणं. पण बहीण चालायलाही लागली होती.

तिघं मिळून बांधावर गेली. मामाने सगळ्यांना हाताला गोडं तेल चोळायला लावलं. पात्यांच्या टोकांचे काटे आधी उडवले, मग एकेक पातं बुडाशी तोडलं. आजवर दुरून नाहीतर फोटोत पाहिलेलं झाड आरती पहिल्यांदाच हाताने सोलत होती; तेल लावूनही तिच्या मनगटाला खाज सुटली, आणि मामा म्हणाला की ती दिवसभर राहील. गड्डा पहारीने उचकटायला बराच वेळ लागला. मग परसात, गोठ्यापासून लांब, त्याने खड्डा खणायला घेतला. आरती पुढे झाली तर त्याने फावडं सोडलं नाही. दम लागला की थांबायचा, फावड्यावर हात ठेवून उभा राहायचा, आणि परत खणायचा. लाकडं पेटवली, ओढ्यातून आणलेले दगड रचले, दगड तापल्यावर दोन भाग केलेला गड्डा त्यांवर ठेवला, वर घायपातीचीच पाती, त्यावर माती.

दुपारी भिमाजी आणि वृषाली मंचरहून परतले. परसात मातीतल्या भेगांमधून धूर निघत होता आणि घरातली तीन माणसं त्याभोवती बसली होती. वृषालीने सासूला विचारलं की हे काय चाललंय. सरुबाईने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, दारूच्या ग्लासासकट. ऐकता ऐकता वृषाली खाली बसली. आपण आजोबांबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं, हे भिमाजीने नंतर आरतीला एकटीला गाठून बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मामाने माती बाजूला केली. गड्डा तपकिरी झाला होता, कडेला करपला होता, मधे ओला. त्याने आधी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि बाकीच्यांना थांबवलं. वृषाली हसली, पण तो हसला नाही. त्याने मजेत थांबायला सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने मान हलवली.

सरुबाईने तुकडा घेतला. चावला, चोखला, दोरे हातावर काढले. परत एक घेतला.

"हाच हाय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पर त्या येळी लई गोड व्हता."

"त्या येळी भूक व्हती, सरू," मामा म्हणाला.

आरतीलाही तो जेमतेम गोड लागला, रताळ्यापेक्षा कमी, आणि जिभेच्या टोकाला किंचित चुरचुरला. तिला तो जपून न्यायचा होता. एक तुकडा तिने डब्यात भरला, त्यात गुळाचं पाणी ओतलं. हॉटेलात त्यापासून काहीतरी करून बघावं असं तिच्या मनात आलं. पण संध्याकाळी तिने डबा उघडून तो तुकडा आईच्या ताटात वाढला. तो वास बारमागे उभं राहून अनोळखी माणसांना समजावून सांगायचा, हे तिला त्या दिवशी तरी नको वाटलं. मेझकालची बाटली मात्र तिने आईच्या कपाटात ठेवून दिली. आईने ती घ्यावी म्हणून नाही; कधी वाटलं तर बूच काढून हुंगता यावी म्हणून. वृषालीने तिच्यासमोर ती साड्यांच्या मागे सरकवली.

आरती पुण्याला गेली. मामा तिच्यासोबतच निघणार होता, पण निघाला नाही. पुढच्या आठवड्यात तिने फोन केला तेव्हाही तो मढलाच होता. त्याच्या मुलीने डिंभ्याहून दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा सरुबाईनेच फोन घेऊन त्याला अजून काम आहे म्हणून सांगितलं होतं. कसलं काम, आरतीने विचारलं.

सरुबाईने सांगितलं की सकाळी जेवणं उरकली की दोघं गोठ्याच्या सावलीत बसतात. दादा अप्पांचं सांगतो. माळशेजच्या घाटातून मेंढरं कोकणात उतरवायची ती वाट, पुढे चालणाऱ्या लंगड्या मेंढीचं नाव, नदीपलीकडच्या माणसाला अप्पा हाक मारायचे ती हाक. मेंढरांमागे फिरायच्या त्या दिवसांत सरुबाई इतकी लहान होती की तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिच्याजवळ त्या दिवसांतल्या अप्पांची आठवण म्हणून तो एक गुळाचा खडा तेवढा होता. आता दादा रोज काही ना काही काढतो, ती म्हणाली, आणि कालच त्याने अप्पांची ती हाक मारून दाखवली, तर बांधापलीकडे काम करणारं माणूस खरंच थांबून मागे बघायला लागलं.